आईच्या उंचीचे ढग

आमच्या दरीला संगणकात दर दुपारी ताप यायचा. खऱ्या दरीत नाही. ती आपली गुणी, तिसऱ्या प्रहरी जरा लाल होऊन संध्याकाळी निवणारी. पण आमच्या संगणकात तिची जी प्रतिमा होती, जिला आम्ही नुसतं 'मॉडेल' म्हणत असू, ती दुपार झाली की तापायची. खऱ्या दरीपेक्षा पाऊण अंश जास्त. सकाळी अंग अगदी गार, हवं तितकं. आणि दुपारी हात लावावा तर चटका.

चार वर्षं आम्ही तिघं तिच्या उशाशी बसून होतो. प्रमुखबाई, मी, आणि ढगवाला.

ढगवाला हे त्याचं नाव नव्हे, काम. मॉडेलमध्ये सगळी दरी चौकोनांत कापलेली असते, चादरीवरच्या चौकड्यांसारखी. प्रत्येक चौकोनाला एक हवा, एक वारा, एक ओल. पण ढग असतो चौकोनापेक्षा लहान, आणि लबाड. तो चौकोनात मावत नाही, सुटूनही जात नाही. म्हणून चौकोनामागे ढग किती धरायचा, याचा एक आकडा माणसाला ठरवावा लागतो. ज्या दिवसांच्या खऱ्या नोंदी हाताशी आहेत, त्या दिवसांशी मॉडेल ताडून बघायचं आणि आकडा मागेपुढे करायचा. अंगाला लावून बेतायचं आणि मग शिवायचं, तसंच. आमच्या दरीतले ढग त्यानेच बेतले होते. सकाळ नोंदीपेक्षा उबदार यायची, म्हणून त्याने पहाटेचे ढग विरळ केले. पांघरूण काढलं की जमीन गारठते. सकाळ जुळली. पण विरळ ढगांतून ऊन दुपारी सरळ खाली यायला लागलं, आणि पोरीला ताप भरला.

"ताई, एका बाजूने ओढलं की दुसरीकडून उघडं पडतंय," तो म्हणायचा. "कापडच कमी आहे."

आता, बेतायला अंग कोणाचं घेतलं होतं? दरीत जुनी वेधशाळा एकच. तिथे एकतीस वर्षं रोज सकाळी आठ वाजता पांढऱ्या पेटीचं दार उघडून पारा वाचला गेला. वाचणारा माणूस एकच. एकही दिवस खाडा नाही.

ते माझे बाबा.

त्यातली शेवटची बारा वर्षं आम्ही बेतायला घेतली होती, कारण ऊन आणि ढग मोजणारी बाकीची यंत्रं त्याच वर्षांत आली. आधीची एकोणीस वर्षं कागदावरच पडून होती. ती यंदा टंकून झाली, आणि सोमवारी सकाळी प्रमुखबाईंनी एकतीसही वर्षांची रेघ भिंतीवर दाखवली.

रेघ एकोणीस वर्षं हलत डुलत चालली. विसाव्या वर्षी, एका सोमवारी, पायरी उतरल्यासारखी खाली आली. बारा वर्षं खालूनच चालली. मग बाबा निवृत्त झाले, पेटीच्या जागी आपोआप मोजणारं यंत्र आलं, आणि रेघ पुन्हा पायरी चढली.

"हवा अशी पायऱ्यांनी चालत नाही," प्रमुखबाई म्हणाल्या. "नोंदीतच काहीतरी आहे."

"दुपारच्या कमाल तापमानाची रेघ सरळ आहे," मी म्हटलं. "पायरी फक्त सकाळच्या आठच्या वाचनात आहे."

"म्हणजे आणखीच संशयास्पद." त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. त्या कठोर नव्हत्या, नेमक्या होत्या. "शुक्रवारी बैठक आहे. तोवर कारण शोध. कारण सापडलं तर चूक दुरुस्त करता येते. नाही सापडलं तर ती बारा वर्षं 'अविश्वसनीय' असा शिक्का मारून काढून टाकावी लागतील."

अविश्वसनीय! ज्या माणसाने माझ्या जन्माची वेळ सांगताना वाऱ्याची दिशाही सांगितली होती, त्याच्या वहीवर असा शिक्का. मी मंगळवारची रजा टाकली आणि घरची बस धरली.

घर म्हणजे तेच, वेधशाळेच्या कुंपणाला पाठ लावून बसलेलं. निवृत्तीनंतर बाबांनी ते विकत घेतलं, आणि जुनी पेटी निरोपाची भेट म्हणून मिळाली ती परसात उभी केली. त्याच उंचीवर, त्याच दिशेला तोंड करून, आत तेच थर्मामीटर. शेजारी तिला खुराडं समजतात.

"अवचित कशी?" आईने दार उघडलं. माझी आई माझ्या खांद्याला लागते. बाबांच्या तर खिशाला. दोघं जोडीने चालायला लागली की अंक आणि दशांशचिन्ह चालल्यासारखं दिसतं, हा बाबांचाच विनोद, त्यावर आई म्हणते, "चिन्ह जरा सरकवून बघा, मग कळेल अंकाची किंमत."

चहा झाला. शिक्क्याचं सांगायला जीभ वळेना. मी आडून आडून सुरुवात केली.

"बाबा, विसाव्या वर्षी पेटी हलवली होती का?"

"बोटभरही नाही."

"जवळ झाड वाढलं? भिंत आली?"

"कुंपण तारेचं. झाड एकच, साठ पावलांवर. तेही त्याआधीच पडलं, बुधवारी, दुपारी सव्वातीनला."

"रंग?"

"दर दोन वर्षांनी पांढरा, दोन हात." बाबांनी कप खाली ठेवला. "काय गं, उलटतपासणी चाललीय का माझी?"

मग सांगावंच लागलं. रेघ, पायरी, शुक्रवार, शिक्का. बाबांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. "एकतीस वर्षं," एवढंच ते म्हणाले. "तापातसुद्धा गेलोय मी त्या पेटीकडे."

नवल आईचं वाटलं. बाबांवर कोणी बोट उचललं तर त्या बोटाची खैर नसायची. ती मात्र कपबशा गोळा करून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ एकच बशी विसळत राहिली.

"तुमच्या कार्बन प्रती आहेत ना?" मी विचारलं. आमच्याकडे टंकून आले होते ते नुसते आकडे. मूळ पानं कोणी पाहिलीच नव्हती.

"माळ्यावर."

"घोडा घे," आई आतून म्हणाली.

तो दोन पायऱ्यांचा लाकडी घोडा स्वयंपाकघरात मी कायम पाहत आले. आईचा हात वरच्या फळीला पोचत नाही, म्हणून बरण्या काढायला तो. त्याच्यावर चढून मी चोरून साखर खाल्ली, त्याच्यावर बसून पाढे म्हटले. त्या दिवशी मात्र पाय ठेवताना नजर खाली गेली. पांढरा रंग, दोन हात दिलेला. आणि पायरीच्या कडेला काळ्या अक्षरांत एक आकडा, सरकारी सामानावर घालतात तसा.

"बाबा, हा घोडा वेधशाळेचा आहे?"

बाबा छताकडे बघायला लागले.

"पेटीसमोर ठेवायचा? बुटक्या माणसासाठी?"

"मला कशाला लागतोय," ते म्हणाले. "सहा फूट उंच माणूस मी. पेटी माझ्याच डोळ्यांच्या रेषेत बसवलेली. तिथे तो पडून होता, इथे उपयोगी पडला."

मी वह्या खाली काढल्या. विसाव्या वर्षाची उघडली. अक्षर बाबांचं, मोत्यासारखं, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच. तारीख, वेळ, पारा, सही. आणि अगदी उजवीकडे 'शेरा' नावाचा बारीक रकाना. एकोणीस वर्षं त्यात 'धुके', 'दव', 'वारा मंद' असं कोरडं कोरडं. आणि त्या सोमवारी, ९.२ या आकड्यासमोर, पेन्सिलीने:

*नऊवर दोन,*
*बघतंय कोण!*

मी दुसऱ्या दिवशीचं वाचलं. अकरा पूर्णांक नऊ.

*बाराला एक कमी,*
*उन्हाची नाही हमी.*

पानामागून पान उलटलं. *चौदावर चार, कुडकुडतंय दार. सतरा सरळ, धुकं विरळ.* बारा वर्षं, रोज सकाळी आठ वाजता, आकड्याला पैंजण बांधलेलं. मी मोठ्याने वाचत होते आणि माझे आईबाप भिंतीला टेकून उभे होते, वर्गात चिठ्ठी पकडली गेलेल्या दोन मुलांसारखे.

"बाबा, हे काव्य तुमचं नाही."

"नाही," बाबा म्हणाले.

"मग कोणाचं?"

"कोणाचं म्हणजे?" आई एकदम उसळली. "माझं! त्यांना तर साधं 'ऊन'ला 'सून'सुद्धा जुळवता येत नाही."

आणि मग सगळं बाहेर पडलं. त्या वर्षी बाबांचे डोळे जवळचं वाचायला कमी आले होते. चष्मा केला, पण गारठ्यात पेटीशी उभं राहिलं की श्वासाने काच धुकटायची, पुसेपर्यंत आपल्याच उबेने पारा हलायचा. वर कळवावं तर दृष्टीची चाचणी. चाचणीत अडकलं तर दूरच्या कचेरीत बदली, आणि हे घर, हे अंगण सोडायचं. तेव्हा आई म्हणाली, मी बघते, तुम्ही लिहा. रोज आठला दोघं निघायची. ती दार उघडायची, टाचा उंचावून आत बघायची, आकडा गाण्यात सांगायची म्हणजे वाऱ्यात ऐकायला चुकू नये, ते टिपायचे. खाली सही करायचे: 'वाचन: स्वतः'.

"मला वाटायचं, तुम्ही फिरायला जाता," मी म्हटलं.

"फिरायलाच जायचो," आई म्हणाली. "वाटेत पारा लागायचा."

मी घोड्याकडे बघितलं, मग आईकडे, मग परसातल्या पेटीकडे. आणि मला हसू फुटलं. असं फुटलं की बाबा घाबरले.

पारा काचेच्या नळीत आत असतो, रेघा काचेवर बाहेर. समोर डोळा धरून वाचलं तर पारा आणि रेघ एका ओळीत येतात. खालून वर बघितलं तर पाऱ्याचं टोक जरा खालच्या रेघेशी आल्यासारखं दिसतं. अगदी जरासं. कमाल मोजणारा थर्मामीटर पेटीत आडवा निजवलेला असतो, त्याला याची बाधा नाही, म्हणून दुपारची कमाल नोंद शहाण्यासारखी राहिली. उभ्याला मात्र बारा वर्षं माझी आई खालून बघत होती. कारण वेधशाळेचा घोडा आमच्या स्वयंपाकघरात बरण्या काढत होता.

बुधवारी सकाळी आठला परसात प्रयोग मांडला. आई जमिनीवर, तेव्हासारख्याच टाचा उंचावून. मी घोड्याच्या पहिल्या पायरीवर, डोळा नेमका पाऱ्यासमोर. बाबा वही घेऊन.

"थांबा," बाबा म्हणाले. "ही आता तेवढी नाही."

"म्हणजे काय?" आईने कंबरेवर हात ठेवले.

"म्हणजे वयाने तू आखडलीस." त्यांनी मागच्या दाराच्या चौकटीवरची जुनी खूण दाखवली. माझ्या वाढत्या उंचीच्या खुणांमध्ये एक आईची, तारीख आणि वेळेसकट. मोजलं, दोन सेंटीमीटरांचा फरक. मग तेवढ्याच जाडीची फळी शोधून आईच्या पायाखाली सरकवली.

"चला," आई म्हणाली, "झाले पुन्हा तरुण."

ती वाचायची, मग मी वाचायचे, बाबा लिहायचे. मध्ये दार लावून थांबायचं, पुन्हा उघडायचं. अठरा वेळा. शेजारी कुंपणाशी येऊन उभे राहिले. खुराड्यातून अंडी का निघत नाहीत, असा त्यांचा चेहरा. अठराही वेळा आईचा आकडा माझ्यापेक्षा कमी. कधी तीन दशांश, कधी पाच, बहुतेक वेळा चार.

आईचा चेहरा पडला. "म्हणजे बारा वर्षं मी चुकीचं सांगितलं?"

"आई, तू बारा वर्षं एकसारखं सांगितलंस," मी म्हटलं. "रोज वेगळी चुकली असतीस तर हात जोडले असते. ही चूक मोजता येते. चार दशांश मिळवले की तुझी बारा वर्षं जशीच्या तशी उभी राहतात."

"हिच्या हातचं मीठही कधी हललं नाही," बाबा वहीत बघत पुटपुटले.

पण पुढचं अवघड होतं. कारण लिहून द्यायला हवं होतं, आणि कारणाच्या खाली बाबांची सही. बाबांनी वही मिटली. म्हणाले, "थर्मामीटर खोबणीत घसरला होता, असं लिहिलं तर?"

"तर मी एक चूक काढून दुसरी पेरीन."

"चार हजार सह्या आहेत गं माझ्या. 'स्वतः', 'स्वतः', 'स्वतः'." ते उठून आत गेले. आईने मला डोळ्यांनीच सांगितलं, आता नको.

मी परतले. ढगवाल्याला एवढंच म्हटलं, "सकाळच्या त्या बारा वर्षांत चार दशांश मिळव आणि ढग नव्याने बेत. का ते विचारू नकोस." त्याने विचारलं नाही. तोंड मात्र पाच वेळा उघडून मिटलं.

शुक्रवारी बैठकीच्या खोलीत तो आला तो चालत नव्हता, तरंगत होता. भिंतीवर त्याने नवी आकृती टाकली. आईचे चार दशांश मिळवल्यावर सकाळ उबदार झाली, म्हणून पहाटेचे ढग दाट झाले. ढग दाट झाले, म्हणून दुपारचं ऊन अडलं. आणि चार वर्षं कशालाही न दबलेला ताप औषधावाचून उतरला. एकोणीस वर्षं जुळली, बारा जुळली, यंत्राची वर्षंही जुळली. रेघेतली पायरी गेली होती. दरी तापते आहे हे खोटं ठरलं नव्हतं, चढ होताच. पण आता तो खरा चढ होता, आणि पुढे किती चढणार हे सांगताना आमचा आवाज कमी कापला असता.

प्रमुखबाईंनी आकृती एकेका वर्षावर बोट ठेवत तपासली. मग माझ्याकडे वळल्या. "सुंदर आहे. चार दशांश आले कुठून?"

मी समोरचे कागद सारखे करायला लागले.

"आकडा जुळला म्हणजे बरोबर असतो असं नाही, हे तुला मी सांगायला नको. पहिल्यांदाही जुळलाच होता. कारण?"

"आहे," मी म्हटलं. "पण सांगायचा हक्क माझा नाही."

"मग माझा नाइलाज आहे." त्यांनी फॉर्म पुढे ओढला. त्यात तो रकाना होता, शिक्क्याचा.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. दार उघडलं तर दारात इस्त्रीचा शर्ट घातलेले बाबा, त्यांच्या खिशाशी आई, आणि बाबांच्या काखेत घोडा.

"सरकारी सामान परत करायला आलोय," बाबा म्हणाले. त्यांनी घोडा खोलीच्या मधोमध ठेवला. "हा कधीचा घरीच होता. शेवटच्या बारा वर्षांची वाचनं मी केली नाहीत, माझे डोळे गेले होते. हिने केली. सही माझी, नजर हिची. चूक असेल तर घोडा नेणाऱ्याची आहे, बघणारीची नाही."

प्रमुखबाई उठल्या, मोजपट्टी घेऊन आईपाशी गेल्या, उंची मोजली, पेटीची उंची विचारली, कागदावर त्रिकोण काढला, गणित केलं. "चार दशांश," त्या हळूच म्हणाल्या. आणि मी चार वर्षांत पहिल्यांदा त्यांना खुर्चीत मागे रेलून, डोळ्यांत पाणी येईतो हसताना पाहिलं.

ढगवाला आईसमोर वाकून उभा होता. "काकू, चार वर्षं! चार वर्षं मी सगळ्या दरीवर तुमच्या उंचीचे ढग शिवतोय!"

"मग आखूडच झाले असतील की रे," आई म्हणाली. "मला विचारायचं, मी सांगितलं असतं, जरा कापड सोडून बेत म्हणून."

फॉर्ममध्ये 'निरीक्षकाचे नाव' असा रकाना असतो. बाबांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. बारा वर्षांच्या रकान्यात आपलं नाव खोडलं आणि वर आईचं लिहिलं, पूर्ण, मोत्यासारखं. शेऱ्यात: 'निरीक्षक उंचीने कमी. घोडा अन्यत्र. दुरुस्ती अधिक ०.४.' प्रमुखबाईंनी शिक्का उचलला. पण तो दुसरा होता, 'ग्राह्य'. मग घोड्याकडे बघून म्हणाल्या, "हा आम्ही ठेवून काय करू? निरीक्षकांच्या ताब्यात राहू दे. फक्त पेटीपाशी."

शनिवारी मी घरीच होते. आठला पाच मिनिटं असताना बाबांनी घोडा परसात नेला, हलवून बघितला, खाली चपटा दगड सारला. आईने पदर खोचला. एका हाताने बाबांचा खांदा धरून ती दुसऱ्या पायरीवर चढली, आणि पेटीचं दार उघडलं.

दार उघडं धरून ती आत बघतच राहिली.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"अहो, हा तर समोर आहे," ती म्हणाली. "इतकी वर्षं वाटायचं, फार वर राहतो."

"आकडा सांग. श्वासाने हलेल."

आईने दार हलकेच लावलं. वळून आमच्याकडे बघितलं, घोड्यावरून, बाबांच्या अगदी डोळ्यात डोळा येईल अशी.

*"पंधरावर आठ,*
*आता ताठ पाठ!"*

बाबांनी आकडा लिहिला. मग पेन्सिल घेऊन शेऱ्याच्या रकान्यात बाकीचंही लिहिलं, आणि सहीची जागा तिच्यापुढे धरली.